एकेचाळीस रवे

कापितान फ्लोरान्ते लाल मखमलीची पेटी काखेत मारून दारात उभा राहिला, तेव्हाच मानाय सियांगच्या मनात पाल चुकचुकली. कालांबायान गावचा हा कापितान, म्हणजे गावप्रमुख, कुणाच्या घरची पायरी फुकट चढत नाही. एक तर मत मागायला येतो, नाही तर सही. आज तर बरोबर खाणकंपनीचा इंजिनिअर किटोरियानो होता. बुटाला चिखल लागू नये म्हणून अंगणातल्या नारळाच्या करवंट्यांवर पाय टेकवत, तोल सावरत आला बिचारा.

सियांग उठली नाही. सदुसष्ट वर्षांची बाई, पुढ्यात पाट, पाटावर तार बारीक करायची भोकाभोकांची पट्टी, जंतर, आणि जंतराच्या भोकातून चांदीची तार ओढणं चाललेलं. तार अर्धी आत असताना ती कुणासाठीच उठत नसे.

"मानाय, काम चाललंय वाटतं?" कापितान म्हणाला. वयाने मोठ्या बाईला तिथे मानाय, म्हणजे ताई, म्हणतात.

"नाही, नाचतेय. बसा."

बसायला एकच स्टूल होतं. त्यावर मांजर झोपलेलं होतं आणि सियांगने मांजराला उठवलं नाही. दोघे उभेच राहिले. कापितानने पेटी उघडून तिच्यापुढे धरली. आत सोन्याची साखळी. एकेक कडी करंगळीएवढी जाड, चकचकीत, मशिनवर ओढलेली.

"कंपनीकडून देवळातल्या आईला भेट," कापितान म्हणाला. "यंदा सणाला आईच्या गळ्यात हीच घालायची. पाद्रेंशी बोलणं झालंय."

"आणि माळ?"

"माळ राहू दे कपाटात. जुनी झालीय. मणी वेडेवाकडे, एक लहान, एक मोठा. शिवाय लोक उगाच मोजत बसतात."

असं आहे तर, सियांग मनात म्हणाली. मोजतात ते खुपतंय.

इंजिनिअर तेवढ्यात पुढे सरसावला. माणूस तसा गोड बोलायचा. "मानाय, हे सोनं बाहेरून आणलेलं नाही बरं का. तुमच्याच आईच्या वळणावरचं आहे. यंदाचा अगदी पहिला माल. मी मुद्दाम बाजूला काढायला लावला."

सियांगच्या हातातली तार जंतरात तशीच थांबली.

"फक्त जरा लांब झालीय," कापितान म्हणाला. "मूर्तीच्या गुडघ्यापर्यंत येते. चारेक कड्या काढून बेताची करा. आणि मुख्य म्हणजे उशीर करू नका, तुमची सवय ठाऊक आहे मला."

"बरं," सियांग म्हणाली.

इतक्या मुकाट्याने सियांग 'बरं' म्हणाली याचा कापितानला खरं तर धसका बसायला हवा होता. पण तो खूश होऊन निघून गेला. माणसाची अक्कल कुठे शेण खाईल सांगता येत नाही.

आता ही माळ काय, ते सांगितलं पाहिजे. कालांबायानची आई म्हणजे कँडेलारियाची, मेणबत्तीवाल्या मारियेची मूर्ती. एका हातात बाळ, दुसऱ्या हातात मेणबत्ती, दोन फेब्रुवारीला तिचा सण. ती कुठल्या जहाजातून आली नाही की कुणी विकत आणली नाही. सोनं धुणाऱ्या बायकांना ती नदीच्या वळणावर गाळात सापडली, म्हणून त्या जागेला आईचं वळण म्हणतात, आणि म्हणून तिची पालखी आजही त्याच बायका खांद्यावर घेतात, पुरुषांना हात लावू देत नाहीत. सण झाला की दुसऱ्या दिवशी बायका गाळ धुवायच्या लाकडी काठवटी घेऊन वळणावर उतरतात. प्रत्येकीच्या काठवटीत जो पहिला कण चमकेल तो आईचा. तो घरी न्यायचा नाही, विकायचा नाही, थेट सियांगच्या हातावर आणून ठेवायचा. सियांग त्या कणांचा मणी करते. मणी पोकळ, बारीक तारेच्या जाळीचा, आणि त्यावर प्रत्येक बाईच्या नावाचा एक रवा बसवते. रवा म्हणजे मोहरीहून बारीक सोन्याचा गोळा. जितक्या बाया तितके रवे. वर्षाला एक मणी.

शहाण्णव मणी होते माळेत. पहिले आजीने केले, मधले आईने, आणि स्वतःच्या वयाच्या बाविसाव्या वर्षापासूनचे सगळे सियांगने. लढाईच्या एका वर्षाच्या मण्यावर नऊच रवे आहेत, बाकीच्या बाया रानात पळाल्या होत्या. वादळाच्या वर्षी चौदा. सणाच्या दिवशी म्हाताऱ्या बाया नातींना उचलून धरतात आणि दाखवतात, हा बघ माझा, हा तुझ्या पणजीचा. लोक मोजत बसतात ते असं.

गेल्या वर्षी सणाच्या दुसऱ्या दिवशी बायका काठवटी घेऊन वळणावर गेल्या तर तिथे कुंपण. लोखंडी जाळी, फाटक, फाटकावर पहारेकरी. वळण कंपनीला मिळालं म्हणे. कुणी दिलं, केव्हा दिलं, कुणाला पत्ता नाही. कापितानच्या ओसरीवर कागद वाचून दाखवला गेला, त्यात लिहिलं होतं की सदर जागेवर कोणीही सोनं धूत नाही आणि कधी धुतलेलं नाही. ज्या बाईने आयुष्यभर कंबरभर पाण्यात उभं राहून सांधे धरवून घेतले, ती लुमिंग तिथेच होती. ती एवढंच म्हणाली, "म्हणजे मी काय तिथे आंघोळीला जात होते?"

सगळे हसले. कागद मात्र तसाच राहिला.

तेव्हापासून एकाही बाईच्या हाताला कण लागलेला नव्हता. कोणी कपडे धुते, कोणी सुकट विकते. महिन्यापूर्वी लुमिंग आपल्या कानातली जोडी घेऊन सियांगकडे आली होती. "हे वितळव. मणी कर. यंदाचं वर्ष रिकामं जायला नको."

सियांगने ती जोडी परत तिच्या मुठीत कोंबली. "विकतच्या सोन्याचा मणी आईला चालत नाही. वळणाचं पाहिजे, याच वर्षाचं पाहिजे, पहिलं पाहिजे. उद्या कोणी विचारलं की हे सोनं कुठलं, तर काय सांगू? दुकानातलं? मग मागचे शहाण्णवही दुकानातलेच म्हणतील."

"मग यंदा मणी नाही?"

"नाही."

"म्हणजे त्यांचा कागद खरा."

उत्तर नसलं की सियांग खेकसते, तशी ती खेकसली आणि लुमिंग रागावून निघून गेली. महिनाभर दोघींचं बोलणं बंद होतं. पन्नास वर्षांच्या मैत्रिणी, एकमेकींच्या दारावरून तोंड फिरवून जात होत्या.

कापितानची पाठ वळली तशी सियांगने साखळी हातात घेतली. कसोटीच्या काळ्या दगडावर एक कडी घासली आणि उजेडात धरून पाहिली. तिच्या मनात होतं की पितळ निघावं. पितळ निघालं असतं तर गावभर बोंब मारून मोकळी झाली असती. पण रेघ खरी निघाली. खरी, आणि जराशी फिकट. त्यांच्या नदीच्या सोन्यात चांदी असते, ती रेघ सियांगने आयुष्यात हजार वेळा पाहिली होती. इंजिनिअर खोटं बोलला नव्हता.

तिला असा संताप आला की तिने कडी पाटावर आपटली. चोरून विकलं असतं तर एक वेळ समजून घेतलं असतं. ह्यांनी बायकांच्या तोंडचं काढलं, आणि वर तेच आईच्या गळ्यात मिरवायला आणलं, आणि कड्या कमी करायला पाठवलं कुणाकडे, तर तिच्याकडे!

मग तिने कडी पुन्हा उचलली. वळणाचं. यंदाचं. पहिलं. तिन्ही गोष्टी इंजिनिअरने आपल्या तोंडाने म्हटल्या होत्या, आणि कुणी विचारलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने लुमिंगचं दार वाजवलं. लुमिंगने दार उघडलं, पण वाटेतून बाजूला झाली नाही.

"काय आहे?"

"चल घरी."

"का? शिव्या संपल्या नाहीत का अजून?"

"संपल्यात. चल म्हणते ना!"

पाटावर चार कापलेल्या कड्या होत्या. लुमिंगने सगळं ऐकून घेतलं आणि कडी बोटांत फिरवली. गाळात सोनं ओळखणारी बाई ती, तिला दगडाची गरज नव्हती.

"आपलंच आहे," ती म्हणाली. "पण सियांग, आम्ही धुतलेलं नाही हे. मशिनने उपसलंय."

"तुम्ही धुतलं असतंत. तुम्हाला कुणी धुवू दिलं नाही. नदीने काय मशिनचं नाव विचारून दिलंय?"

"चोर म्हणतील तुला."

"म्हणू देत. कड्या काढा असं कापितानने सांगितलं, काढल्या. काढलेल्या कड्यांचं काय करायचं ते सांगितलं नाही. साखळी आईला दिलीय ना? मग तिच्या कड्या आईच्या."

"किल्ली जाईल तुझी."

सियांगच्या कमरेला मूर्तीच्या साजघराची किल्ली होती. मूर्तीला नेसवण्याचा मान तिच्या घराण्याचा, तीन पिढ्यांचा. तिने किल्लीवर हात ठेवला आणि लगेच काढला.

"जाऊ दे," ती म्हणाली, पण लुमिंगने तो हात पाहिला होता. लुमिंग पदर खोचावा तशी स्कर्टचं टोक कमरेला खोचून पाटापाशी बसली. भांडण तिथेच संपलं.

मग तीन दिवस दोघींनी मान वर केली नाही. दाराला आतून कडी, पोटाला सुकट आणि भात. तार ओढली, जाळी वळली, मणी उभा राहिला. रव्यांसाठी तार कणाकणाने कापली, सगळे तुकडे सारखे. मुशीत कोळशाची पूड, त्यावर एकेक तुकडा अंतर राखून. आच लागली की प्रत्येक तुकडा स्वतःशीच गोळा होतो आणि रवा बनतो. लुमिंग नावं घेत गेली आणि सियांग तुकडा ठेवत गेली. बेनिल्डा. होसेफा. पाचा. मानाय दिनाय. होसेफाची सून. आम्ब्रोसियोची बायको क्लारिता. क्लारिताचा नवरा आम्ब्रोसियो आता त्याच फाटकावर पहारा देत होता.

"तिचा ठेवायचा?" लुमिंगने विचारलं.

"ती काय नवऱ्याच्या नोकरीने धुवायची? ठेव."

एकेचाळीस झाले.

रवे मण्यावर चिकटवून झाले, जोड पक्का करायला डागाचा कीस आणि टांकणखार लावून झाला, आणि शेवटची आच राहिली. तिथे सियांग अडली. ही आच फुंकणीने द्यावी लागते, तोंडाने, एका लयीत. जरा कमी पडली तर रवे गळून पडतात, जरा जास्त झाली तर मण्यासकट वितळून एक गोळा होतो. आणि गेल्या पावसाळ्यातल्या न्यूमोनियापासून सियांगच्या छातीत दम उरला नव्हता. तिने फुंकणी तोंडाला लावली, ज्योत मण्यावर वळवली, आणि तिला ठसका लागला. तिने झटकन तोंड बाजूला केलं म्हणून वाचलं.

"आण इकडे," लुमिंग म्हणाली.

"तुला येत नाही."

"चूल फुंकण्यात जन्म गेला माझा. तू मणी धर, तू सांग, मी फुंकते."

सियांगने फुंकणी आजवर कुणाला दिली नव्हती. पोटच्या लेकीलाही दिली नव्हती, म्हणून तर लेक वैतागून शहरात जाऊन शिवणकाम करते. ती क्षणभर फुंकणी धरून बसली. मग तिने ती लुमिंगच्या हातात दिली.

"हळू. अजून. तसंच ठेव. तसंच... तसंच गं बाई... आता लाल झालाय, सोडू नकोस... बस! बस!"

निवल्यावर सियांगने मणी तळहातावर घेऊन नखाने रवे चाचपले. एकही हलला नाही. लुमिंगचे डोळे धुराने की कशाने भरून आले होते. सियांगने पुढे वाकून मैत्रिणीचं कपाळ आपल्या कपाळाला लावलं, आणि मग म्हणाली, "थुंकी उडवलीस सगळी पाटावर."

सणाच्या दिवशी सकाळी देवळापुढे सगळं गाव जमलं. बँड आला, सुमानच्या, म्हणजे पानात गुंडाळलेल्या गोड भाताच्या, टोपल्या आल्या, कंपनीचा मांडवही आला, आणि मांडवात ध्वनिक्षेपक घेऊन स्वतः कापितान. साजघराचं दार बंद होतं. आईला नेसवताना आत फक्त बायका, पुरुषाने उंबरा ओलांडायचा नाही, मग तो पाद्रे असो की बिशप. आणि एकदा नेसवून दार उघडलं की पालखी परत येईपर्यंत आईच्या अंगाला कुणी हात लावायचा नाही. हा नियम शेंबड्या पोरालाही माहीत आहे. इंजिनिअर मात्र बाहेरगावचा होता.

दार उघडलं. आठ जणींनी पालखी खांद्यावर घेतली. लुमिंग पुढे होती आणि तिची मान नेहमीपेक्षा जास्त वाकली होती.

"जड झालीय का गं?" सियांगने विचारलं.

"आई यंदा अंगाने भरलीय," लुमिंग म्हणाली, आणि बाकीच्या सातजणी खाली मान घालून हसल्या. सियांगला हसायला काय झालं ते कळलं नाही. पण तिला वेळ नव्हता.

कापितान ध्वनिक्षेपकावर सांगत होता, "बंधुभगिनींनो, आईच्या गळ्यातली ही जी सुवर्णसाखळी..." आणि तिथेच त्याची जीभ टाळ्याला चिकटली. आईच्या गळ्यात तीच जुनी वेडीवाकडी माळ होती. तिच्या बरोबर मधोमध एक नवा मणी होता, ताजा, सकाळच्या उन्हात चमकणारा. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या मानाय दिनायने तो पाहिला आणि ओरडली, "मणी आहे! यंदाचा मणी आहे!" मग बायका पुढे घुसल्या. माना उंचावून मोजायला लागल्या.

कापितान धावत आला. मागून इंजिनिअर, त्यामागून पाद्रे आनिसेतो. पाद्रे वर्षभरापूर्वीच आले होते, स्वभावाने भिडस्त.

"मानाय, साखळी कुठेय?" कापितानने दबक्या आवाजात विचारलं. ध्वनिक्षेपक त्याच्या हातातच होता आणि चालूही होता. सगळ्या गावाने ऐकलं.

"पेटीत," सियांग म्हणाली. "साजघरात. चार कड्या कमी. तुम्हीच काढायला लावल्यात."

"आणि त्या चार कड्या?"

तिने माळेकडे बोट दाखवलं. इंजिनिअर लालबुंद झाला. "ही चोरी आहे. कंपनीचं सोनं आहे ते!"

"इंजिनिअर," सियांग म्हणाली, "एकच विचारते, गावासमोर उत्तर द्या. ती साखळी तुम्ही आईला दिली होती, की एक दिवस घालायला उसनी दिली होती?"

इंजिनिअरने कापितानकडे पाहिलं. कापितानने पाद्रेंकडे. गाव वाट बघत होतं.

"दिली होती," तो म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

"मग आईचं सोनं आईच्या गळ्यात आहे. चोरी कसली? तुम्हीच म्हणालात, आईच्या वळणावरचं, यंदाचं, पहिलं. आमच्यात ते बायकांच्या नावाने माळेत जातं. शहाण्णव वर्षं गेलंय."

"त्या जागेवर कोणी सोनं धूत नव्हतं," इंजिनिअर पाठ केल्यासारखा म्हणाला.

"शहाण्णव मणी आहेत. या, मोजा."

तो आला नाही. कापितानने पाद्रेंच्या कानात काहीतरी सांगितलं. पाद्रे घसा खाकरून म्हणाले, "मानाय सियांग, गावात तेढ नको. आपण माळ काढून साखळी घालू, आणि मग शांतपणे बसून बोलू."

"घाला ना पाद्रे," सियांग म्हणाली. "मी काही अडवत नाही. या पुढे. भर चौकात, सगळ्या गावासमोर, आईच्या गळ्याला हात घाला आणि काढा. मी तिथे हात लावणार नाही, कारण दार उघडलंय. तुमची छाती होत असेल तर या."

पाद्रे एक पाऊल पुढे आले. आठ बायका त्यांच्याकडे बघत होत्या. मागे तीस-चाळीस बायका होत्या. पाद्रेंनी हात वर केला, आणि त्या हाताने छातीवर क्रूस केला आणि मागे सरकले.

कापितान मात्र पेटला. "उद्या सकाळी किल्ली माझ्या टेबलावर पाहिजे! तुमच्या घराण्याचा मान संपला!"

सियांगला आत कुठेतरी कळ आली. खोटं कशाला सांगायचं, फार मोठी कळ आली. आजीच्या कमरेची किल्ली होती ती. पण तिने दोरी सोडली आणि किल्ली त्याच्या पुढ्यात धरली.

"उद्या कशाला? आत्ताच घ्या. संध्याकाळी पालखी परत आली की आईचे कपडे उतरवायला तुम्हीच जा, कापितान."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. मग सगळेच हसले. कापितानचा हात अर्ध्यावर आला आणि खिशात गेला. किल्ली सियांगच्या हातातच राहिली. बँडवाल्यांनाही काय सुचलं, त्यांनी वाजवायला सुरुवात केली.

यंदा कापितानने पालखीची वाट बदलली होती. नदीकाठाने वळणापर्यंत न जाता बाजारातून उजवीकडे वळून परत. पालखी चौकात आली. कापितान ध्वनिक्षेपकावरून ओरडत होता, "उजवीकडे! उजवीकडे!" लुमिंगने डावीकडे पाय टाकला. बाकीच्या सातजणींनी टाकला. मागे अख्खं गाव डावीकडे वळलं, आणि बँड तर पुढेच पोचला.

वळणावर जाळीचं फाटक बंद होतं. फाटकामागे आम्ब्रोसियो, गणवेशात, पन्नाशीचा माणूस, घामाने निथळलेला. पालखी त्याच्यासमोर थांबली.

"मला हुकूम आहे," तो म्हणाला. "मानाय, माझी नोकरी जाईल. घरी मीच एकटा कमावणारा आहे."

"एकटा का झालास?" लुमिंगने पालखीखालून विचारलं. "वर्षापूर्वी तर दोघं होतात."

सियांग जाळीला जाऊन चिकटली आणि हळू आवाजात म्हणाली, "आम्बो, नव्या मण्यावर तिसऱ्या ओळीत डावीकडून पहिला रवा बघ. तो क्लारिताचा आहे. आता आई आपल्या जागेवर आलीय. तिला बाहेर उभी ठेवायची असेल तर तिच्याकडे बघून सांग. माझ्याकडे बघू नकोस."

त्याने वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. गर्दीत क्लारिता होती, तिने नवऱ्याला हाक मारली नाही, नुसती उभी राहिली. मग आम्ब्रोसियोने टोपी काढली, कुलूप काढलं, आणि फाटक दोन्ही हातांनी मागे ओढलं.

बायकांनी पालखी आत नेली आणि पाण्याच्या कडेला दगडांवर टेकवली. लुमिंगने खांदा चोळला. मग तिने वाकून पालखीच्या खालचं झालरीचं कापड वर केलं.

आत काठवटी होत्या. एकात एक घालून रचलेल्या, वर्षभर उन्हात पडून तडकलेल्या, रात्री पाण्यात भिजवून पुन्हा फुगवलेल्या. एकेचाळीस.

"बये!" सियांग म्हणाली. "मला सांगितलं नाहीस?"

"तुझ्या पोटात राहिलं नसतं. रागाच्या भरात कापितानला तूच सांगून टाकलं असतंस."

बायकांनी सणाचे स्कर्ट गुडघ्याच्या वर खोचले आणि पाण्यात उतरल्या. कुणी गाणं म्हटलं नाही, कुणी घोषणा दिली नाही. वाकल्या आणि गाळ भरून काठवटी फिरवायला लागल्या. मानाय दिनायला दोघींनी धरून उतरवलं.

इंजिनिअर धापा टाकत पोचला तेव्हा त्याच्या बुटांची पार वाट लागली होती. हातात तोच कागद होता. "बंद करा!" तो ओरडला. "बेकायदा आहे हे! इथे कोणी सोनं धूत नाही! कागदावर लिहिलंय, इथे कोणीही सोनं धूत नाही!"

एकेचाळीस बायकांपैकी एकीनेही मान वर केली नाही.

लुमिंग पाण्यातून वर आली. काठवटीच्या तळाशी काळी रेती होती आणि रेतीच्या कडेला एक पिवळा कण. तिने तो ओल्या बोटाच्या टोकावर उचलला आणि सियांगच्या तळहातावर ठेवला. सियांगने तळहात इंजिनिअरच्या नाकासमोर धरला.

"मोजायला बसा, इंजिनिअर," ती म्हणाली. "हा एक. चाळीस यायचेत."